स्कोरशीटवर बचावाला रकाना नाही

जिल्हा बास्केटबॉल निवड समितीच्या सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मागच्या सोमवारी तुमची सूचना मैदानावरच्या फळ्यावर लागली आणि तासाभरात तिचा फोटो पालकांच्या ग्रुपवर फिरला. १६ वर्षांखालील मुलींचा जिल्हा संघ यंदा ‘निव्वळ आकडेवारीवर’ निवडायचा. आंतरशालेय स्पर्धेच्या स्कोरशीट हाच आधार, निवड चाचणी फक्त खात्री करून घेण्यापुरती. गेल्या वर्षी निवडीनंतर जी कुजबुज झाली, तिला उत्तर म्हणून तुम्ही हे केलंत हे उघड आहे. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या स्कोरशीट माझ्या हातच्या आहेत. स्पर्धेच्या निम्म्याहून जास्त सामन्यांना टेबलावर मीच होतो. त्या कागदांवर काय आहे आणि काय नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे पत्र.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. गेल्या वर्षी तुम्ही वगळलेल्या मुलींत माझी भाची होती आणि यंदाही ती चाचणीला येणार आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिनेच बजावलंय, “मामा, पत्र लिही, पण माझं नाव घातलंस तर बोलणार नाही.” तेव्हा एक मामा बोलतोय असं समजून यातून जे वजा करायचं ते खुशाल करा.

गेल्या वर्षीच्या चाचणीपासून सुरुवात करतो. सिमेंटचं कोर्ट सकाळी नऊलाच तापलेलं. मंडपात तर्री-पोहे. एकमेकींना कधी न भेटलेल्या मुलींचे पाच-पाचचे संघ पाडले, प्रत्येकीला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं मिळाली, बाराच्या आत यादी तयार. मी ओळखीचा म्हणून विचारलं, तर तुमच्यातल्या एकांनी अगदी आपुलकीने सांगितलं, “पोट्टी बरी आहे रे, पण डिफेन्सला छाप पडत नाही. थंड वाटते.” त्यांच्या हाताखाली मी स्वतः लेअप शिकलो आहे, त्यामुळे उलट बोललो नाही. घरी आल्यावर मात्र ते ‘थंड’ डोक्यातून जाईना. तिने कुणाला अडवलं, कितीदा चुकली, कुठे उभी होती, यातलं काहीच त्या शब्दात नव्हतं. यंदा तुम्ही छाप काढून टाकलीत आणि तिच्या जागी आकडे आणलेत. ‘तिने काय केलं’ हा प्रश्न दोन्ही वर्षी तसाच राहिला.

माझी पहिली तक्रार शीटबद्दलच आहे. तुम्हाला हे पाठ आहे, पण पत्र पालकही वाचतील म्हणून सविस्तर लिहितो. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. बास्केट झाली की रनिंग स्कोरच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला, म्हणजे फाउलबद्दल मिळालेल्या शॉटला, भरीव ठिपका, तीन गुणांची बास्केट असेल तर मुलीच्या नंबरभोवती गोल. मुलगी मैदानात उतरली की तिच्या नावापुढे फुली. ती किती मिनिटं खेळली हे शीट सांगत नाही. कधी बाहेर बसली तेही नाही. रीबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल मिळवणं) नाही, स्टील (बॉल हिसकावणं) नाही, ब्लॉक (शॉट हवेत अडवणं) नाही. बचावाशी संबंध असलेली एकच गोष्ट तिथे आहे, ती म्हणजे फाउलच्या पाच चौकटी. बचाव करणारी मुलगी आमच्या शीटवर उमटते ती फक्त चूक केल्यावर.

चार्जचंच घ्या. मुलगी वेळेत जागेवर पोचते, पाय रोवते, धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला छातीवर घेते आणि सिमेंटवर पाठीवर पडते. रेफरीने आक्रमक फाउल दिला तर मी समोरच्या मुलीच्या चौकटीत ‘पी’, म्हणजे पर्सनल फाउल, लिहितो. जिने अंगावर घेतलं तिच्या नावापुढे काहीच येत नाही. आणि रेफरीला वाटलं की हिचा पाय अर्धा क्षण उशिरा पडला, तर ‘पी’ हिच्याच चौकटीत. म्हणजे काम नीट झालं तर कोरी जागा, थोडक्यात हुकलं तर डाग.

यंदाची उपांत्य लढत मला अजून दिसते. समोरच्या संघातली ७ नंबर ही जिल्ह्यातली सगळ्यात चांगली स्कोरर, यात वाद नाही. पहिल्या हाफमध्ये तिचे १२ गुण मीच मांडले. तिसऱ्या क्वार्टरपासून तिच्यावर भाची लागली, ११ नंबर. त्यानंतर ७ नंबरला बॉल मिळणंच अवघड झालं. भाचीचा एक हात सतत पासच्या वाटेत, मान अशी वळलेली की बॉलही दिसावा आणि माणूसही. ७ नंबर स्क्रीनमागून, म्हणजे वाट अडवून उभ्या असलेल्या आपल्या मैत्रिणीमागून, निघाली की ही स्क्रीनला चिकटून वरून घुसायची आणि पुन्हा तिच्या अंगाला. शेवटी ती मुलगी वैतागून हाफलाइनजवळ येऊन बॉल मागायला लागली. तिथून बास्केट दिसते, पडत नाही. दुसऱ्या हाफमध्ये तिचे गुण ३.

सामना संपल्यावर मी शीट बंद केली तेव्हा ११ नंबरसमोर होतं ते एवढंच: गुण २, फाउल ३. तीनपैकी एक तो वर सांगितलेला, अर्ध्या क्षणाचा. तुमच्या नव्या पद्धतीत ही मुलगी म्हणजे दोन गुण आणि तीन फाउल.

अर्थात त्या ३ गुणांवरून मी भाचीची आरती ओवाळणार नाही. ७ नंबर दमली होती. दोन मोकळे शॉट तिने आपणच घालवले, त्यात भाचीचं काही कर्तृत्व नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

दुसरी तक्रार. तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मग रीबाउंड, स्टील, ब्लॉकही लिहायला लावू. सूचनेत तसा उल्लेख आहेच: ‘शक्य तिथे अतिरिक्त नोंदी’. त्या नोंदी कोण करतं हे आपण सगळे जाणतो. यजमान शाळेतले दोन विद्यार्थी टेबलाच्या टोकाला बसतात, एक बोलतो आणि दुसरा लिहितो. पोरं प्रामाणिक असतात, पण आपल्या शाळेची मुलगी बॉलला नुसती बोट लावून गेली तरी तिच्या खात्यात स्टील पडते.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. जानेवारी २०२३ मध्ये एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, मेम्फिस ग्रिझलीजच्या जॅरेन जॅक्सन ज्युनियरवरून असाच गदारोळ झाला. घरच्या मैदानावर त्याचे ब्लॉक आणि स्टील फुगवून लिहिले जातात, असा आरोप एका चाहत्याने आकडे मांडून केला. लीगने सांगितलं की प्रत्येक सामन्याच्या नोंदी व्हिडिओवरून तपासल्या जातात आणि या नोंदी नियमांत बसतात. त्या मोसमाचा सर्वोत्तम बचावपटूही तोच ठरला. त्यांच्याकडे शंका आली तेव्हा दाखवायला व्हिडिओ होता आणि तपासणारी माणसं होती. आपल्याकडे टेबलावर एक मी आणि एक पंखा. त्यातला पंखा वीज असेल तर चालतो.

आणि नोंद अगदी खरी असली तरी स्टील म्हणजे बचाव नव्हे. प्रत्येक पासवर झेप घेणारी मुलगी तुम्ही पाहिली आहे. सामन्यात चार वेळा बॉल पळवते, टाळ्या पडतात. ज्या सहा वेळा हात रिकामा जातो तेव्हा तिच्या मागे मोकळं मैदान असतं आणि मैत्रिणींना चार विरुद्ध पाच खेळावं लागतं. ते सहा प्रसंग कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. बास्केट खाणाऱ्या मैत्रिणीच्या नावावर मात्र ‘हिच्यावर गुण झाले’ असा शेरा पडतो. जी झेप घेत नाही, जागा सोडत नाही, ती तुम्हाला थंड वाटते.

आकडे कुठून सुरू झाले तेही बघा. एनबीएने स्टील आणि ब्लॉक अधिकृतपणे मोजायला १९७३-७४ च्या मोसमात सुरुवात केली. बिल रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. १३ मोसमांत ११ विजेतेपदं, बचावाच्या बळावर सगळा खेळ फिरवणारा माणूस, आणि त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. तुमच्या सूचनेप्रमाणे निवड केली असती तर रसेल रीबाउंडवर आत आला असता, कारण ते तेव्हा मोजले जात. ब्लॉक केलेला बॉल प्रेक्षकांत न भिरकावता आपल्याच माणसाकडे ढकलण्याची त्याची जी खासियत, ती आजच्या रकान्यातही बसत नाही. बाहेर फेकलेला ब्लॉक आणि आपल्याला बॉल मिळवून देणारा ब्लॉक, दोन्हींचा आकडा एकच.

तिसरी तक्रार छापेबद्दल. आकड्यांवर एवढं बोललो म्हणून मी जुन्या पद्धतीच्या बाजूचा आहे असं कृपा करून समजू नका. ‘आम्ही तीस वर्षं खेळ बघतोय, बघितल्यावर कळतं’ हे वाक्य मी मंडपात खूपदा ऐकलंय. तीस वर्षं बघणाऱ्यांनाही एकसारखं कळत नाही. २०१३ मध्ये मार्क गसोल एनबीएचा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. ती मतं पत्रकारांची. त्याच वर्षी प्रशिक्षकांच्या मतांवर जो सर्वोत्तम बचाव संघ निवडला, त्यात तो दुसऱ्या फळीत होता. एकच खेळाडू, एकच मोसम, आणि मत देणारे सगळेच जाणकार.

वयाने लहान खेळाडूच्या बाबतीत डोळा जास्तच फसतो, कारण डोळ्याला आधी उंची दिसते. ड्रेमंड ग्रीनला २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, ३५ व्या क्रमांकापर्यंत कुणी घेतलं नाही. आत खेळायला बुटका आणि बाहेर खेळायला जड, असं त्याच्याबद्दल बोललं जाई. २०१७ मध्ये तो सर्वोत्तम बचावपटू झाला. आपल्याकडे तर पंधराव्या वर्षी एखादी मुलगी इतरांपेक्षा वितीने उंच असली की बास्केटखाली नुसते हात वर करून उभी राहिली तरी तिला ‘डिफेन्स चांगला’ म्हणतात. ती बॉक्स आउट करत नाही, म्हणजे रीबाउंडआधी प्रतिस्पर्ध्याला अंगाने मागे ठेवत नाही, मदतीला एक पाऊल उशिरा निघते, हे दोन वर्षांनी दिसतं. तोवर इतर मुलीही वाढलेल्या असतात.

मीही फसलो आहे. गेल्या वर्षभर मी स्वतःसाठी एक वही ठेवली. ज्या सामन्यांना टेबलावर नव्हतो, त्यांना बाजूला बसून फक्त बचाव लिहिला. आमच्याच गावातली एक मुलगी, खूप ओरडणारी, खूप धावणारी, माझ्या मते जिल्ह्यातली पहिल्या नंबरची डिफेंडर होती. चार सामन्यांनंतर वही उघडली, तर क्लोज आउटला, म्हणजे शॉट मारणारीकडे धावत जाताना, ती जवळजवळ दर वेळी हवेत उडी मारत होती आणि समोरची तिला टाळून आत जात होती. माझ्या डोळ्यांनी उडी लक्षात ठेवली होती, पुढचं विसरले होते. भाचीबद्दलही वहीत एक गोष्ट निघाली आणि ती मला आवडली नाही: डावीकडे सरकताना तिचे पाय एकमेकांत येतात, आणि बॉल घेऊन येणाऱ्या चांगल्या गार्ड ते ओळखून तिला त्याच बाजूने नेतात. गेल्या वर्षी तुमच्यातल्या कुणाला ‘थंड’ वाटलं, तेव्हा कदाचित हेच दिसलं असेल. पण मग तसं सांगायचं होतं. डावा पाय सुधारता येतो. थंड असण्यावर एक मुलगी काय सराव करणार?

वहीचा दोषही सांगतो. तीत मी आधी ‘हिच्यावर किती शॉट झाले, किती पडले’ हेही लिहीत होतो. ते नंतर सोडून दिलं. ७ नंबरचे मोकळे शॉट हुकले त्यात भाचीचं काही नव्हतं, हे मी वर म्हटलंच. एनबीएत तर प्रत्येक मैदानावर कॅमेरे बसवून खेळाडूंची हालचाल टिपतात, तरीही प्रतिस्पर्ध्याचे तीन गुणांचे शॉट किती पडले यावरून बचाव जोखू नये, त्यात नशिबाचा वाटा फार असतो, असंच तिथले अभ्यासक सांगतात. तिथे मोसमात ८२ सामने. आपल्याकडे एक मुलगी स्पर्धेत चार-पाच सामने खेळते. पाच सामन्यांत बॉल रिंगवर नाचून कुठे पडला, त्यावर मुलीचं वर्ष ठरवायचं का?

म्हणून आता मी तिने केलेल्या गोष्टी मोजतो. शॉटच्या वेळी हात वर होता का? रीबाउंडआधी अंग लावलं का? बॉल दुसऱ्या बाजूला गेल्यावर मदतीच्या जागी सरकली का? पहिल्या पावलावर मागे पडली का? बोलली का, म्हणजे स्क्रीन येताना मैत्रिणीला सांगितलं का? हे प्रत्येक पझेशनला, म्हणजे समोरच्या संघाकडे बॉल आला की दर वेळी, घडतं, त्यामुळे एका सामन्यातच पन्नासेक नोंदी होतात, आणि यातल्या कुठल्याच गोष्टीला नशीब लागत नाही. शिवाय हे लिहायला डोळाच लागतो. तुमच्यासारखा सरावलेला डोळा असेल तर माझ्यापेक्षा चांगलं लिहून होईल.

ह्यूस्टन रॉकेट्सचा शेन बॅटियर हे याचं मोठं उदाहरण. गुण बेताचे, ब्लॉक-स्टील डोळ्यांत भरण्यासारखे नाहीत, पण तो मैदानात असला की संघ बरा खेळायचा. समोरच्या संघाचा मोठा स्कोरर कोबी ब्रायंट कुठून चांगला मारतो आणि कुठून कमी, याची नोंद संघ त्याला सामन्याआधी द्यायचा. बॅटियर ब्लॉकच्या मागे लागायचा नाही. कोबीला त्याच्या नावडत्या जागेकडे न्यायचं आणि शॉटच्या वेळी पंजा डोळ्यांसमोर धरायचा, एवढंच. कोबीने तरीही शॉट मारला आणि तो पडला, तर पेपरात कोबीचं नाव. मोजणाऱ्यांना मात्र कळत होतं की बॅटियरने आपलं काम केलंय. आकडे आणि डोळा यांचं भांडण तिथे मिटलं, कारण काय बघायचं हे आधी ठरलं होतं.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने का लिहितोय? कारण वगळलेल्या मुलींचं पुढे काय होतं ते मी टेबलावरून बघतो. मुलगा वगळला तर तो चिडून पुन्हा येतो. मुलगी दोनदा वगळली की घरी वाक्य तयार असतं: “झालं ना खेळून? आता दहावी आहे.” पुढच्या वर्षी शीटवर ते नाव नसतं. सवलतीच्या गुणांचा, पुढच्या प्रवेशाचा हिशेब वेगळाच. यातल्या किती जणी चांगल्या डिफेंडर होत्या, हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण लिहिलेलंच नाही.

माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि एकीलाही पैसे लागत नाहीत.

१. आंतरशालेय स्पर्धेच्या स्कोरशीट गुण आणि फ्री थ्रो बघण्यापुरत्या वापरा. त्यावरून कुणाच्या बचावाबद्दल निष्कर्ष काढू नका. फाउलची संख्या तर मुळीच नाही. ते फाउल लिहिणारा मी हे सांगतो आहे.

२. चाचणीत फक्त बचाव लिहिणारी दोन माणसं बसवा. दोघांची एकमेकांशी ओळख असली तरी चालेल, शाळा एक नको. वरच्या पाच गोष्टी पुरेत, पाहिजे तर तुम्ही बदला, पण चाचणीआधी फळ्यावर लावा. मुलींना कळू द्या काय बघणार आहेत ते.

३. प्रत्येक मुलीला किमान तीन वेगवेगळ्या खेळाडूंवर लावा, त्यात एक तिच्यापेक्षा उंच आणि एक चपळ. कच्च्या मुलीवर लागून कुणीही चांगली दिसते.

४. समितीच्या प्रत्येक सदस्याने आपला शेरा एकट्याने, चर्चेआधी, गुण न बघता लिहावा. शेऱ्यात प्रसंग असावा. ‘आक्रमक’, ‘थंड’, ‘छाप पडली’ हे शब्द यंदापुरते तरी बंद ठेवू.

५. जिला वगळाल तिला दोन ओळी लेखी द्या. एक ओळ काय चांगलं दिसलं याची, एक काय सुधारायचं याची.

भाचीला संघात घ्या, ही माझी मागणी नाही. पाच गोष्टी लिहूनही ती मागे पडली तर तिला घेऊ नका. तिला मी तसं सांगितलंय. ती म्हणाली, “मग मामा, माझ्या डाव्या पायाचं तू पत्रात लिहिलंस ना?” लिहिलंय.

माझी वही झेरॉक्स करून समितीच्या प्रत्येक सदस्यासाठी एक प्रत ठेवली आहे. मुलींची नावं खोडली आहेत, फक्त नंबर ठेवलेत. चाचणी रविवारी सकाळी सातला आहे असं फळ्यावर वाचलं. मी साडेसहाला येतो. बचाव लिहायला माणूस कमी पडला तर मला बसवू नका, मी मामा आहे. पण टेबल मांडायला, रेघा आखायला आणि दोन्ही रंगांची पेनं द्यायला मी आहे.

आपला नम्र,
टेबलावरचा एक स्कोरर